संत्र्याच्या झाडांची छाटणी

संत्र्याच्या झाडांची छाटणी म्हणजे झाडाचा सांगाडा मजबूत राहावा, रोगट व वाळलेला भाग दूर व्हावा आणि फळे चांगली धरावीत यासाठी ठरावीक फांद्या ठरावीक वेळी कापून टाकण्याची बागकामातील क्रिया होय. नागपूर जिल्ह्यातील काटोल आणि नरखेड, तसेच अमरावती जिल्ह्यातील वरूड व मोर्शी या तालुक्यांत हे काम बागेच्या वार्षिक मशागतीचा भाग मानले जाते. या भागात 'छाटणी' या शब्दापेक्षा 'सल काढणे' हा शब्दप्रयोग अधिक रूढ आहे. छाटणीचा मुख्य हेतू काय, हे त्या शब्दातूनच सूचित होते.

पार्श्वभूमी

काटोल हे जाम नदीकाठचे शहर नागपूरपासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर, नागपूर–इटारसी लोहमार्गावर वसले आहे. नागपुरी संत्रा (शास्त्रीय नाव सिट्रस रेटिक्युलाटा) हे या तालुक्याचे प्रमुख फळपीक. भोसल्यांच्या राजवटीत हे फळ नागपूर परिसरात आले, असे परंपरेने सांगितले जाते. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र काटोल येथे आहे, तर लिंबूवर्गीय फळांवर काम करणारी केंद्रीय संशोधन संस्था नागपुरात असून तिची सुरुवात १९८५ साली राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून झाली.

संत्र्याचे कलम लावल्यापासून पहिले समाधानकारक पीक हाती येण्यास पाच ते सहा वर्षे लागतात. म्हणून एखादे झाड चुकीच्या कापाने किंवा त्यातून शिरलेल्या रोगाने गेले, तर मालकाचे नुकसान एका हंगामापुरते राहत नाही. नवे कलम त्याच जागी लावून पुन्हा तेवढीच वर्षे थांबावे लागते, आणि जुन्या झाडाच्या मुळांवरील रोगकारक बुरशी मातीत असेल तर त्या नव्या कलमाचीही शाश्वती नसते.

द्राक्षाच्या छाटणीपेक्षा वेगळेपण

छाटणी म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे नाशिक-सांगलीकडील द्राक्षबाग येते. तेथे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी अशा दोन छाटण्या होतात व वेल जवळजवळ उघडा केला जातो. संत्र्याला हा न्याय लागू पडत नाही. संत्रा हे सदाहरित झाड आहे. ते आपल्या अन्नाचा मोठा साठा पानांत व कोवळ्या काड्यांत ठेवते आणि मागील हंगामात पक्व झालेल्या काड्यांवर फुटणाऱ्या नवतीवरच त्याला फुले येतात. हिरवी फांदी कापणे म्हणजे एकाच वेळी साठवलेले अन्न आणि पुढील फळाची जागा दोन्ही गमावणे. शिवाय विदर्भाच्या उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. दाट पानांखाली सावलीत वाढलेली साल अचानक उन्हात आली की ती भाजते, तडकते आणि तेथून किडी व बुरशी आत शिरतात. त्यामुळे फळे देणाऱ्या झाडाची हिरवी फांदी सबळ कारणाशिवाय कापू नये, हा या भागातील सर्वसाधारण नियम आहे.

कलमाला वळण देणे

खरी छाटणी होते ती झाडाच्या बालपणी. पहिल्या तीन-चार वर्षांत झाडाला 'वळण' दिले जाते. जमिनीपासून साधारण ६० ते ७५ सेंटिमीटरपर्यंत एकच सरळ खोड ठेवून त्यावरील फुटवे कोवळे असतानाच खुडतात. त्यानंतर चारही दिशांना विखुरलेल्या चार ते सहा जोमदार फांद्या राखतात. या फांद्या एकाच बिंदूतून फुटलेल्या नसाव्यात, कारण आंबिया बहाराच्या फळांचे ओझे आले की असा सांधा उभा चिरतो. फळांनी वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू देण्याची पद्धत काटोल भागात सर्रास दिसते. बालपणी वळण नीट दिलेल्या झाडाला हे टेकू कमी लागतात.

याच काळात कलमाच्या सांध्याखालील फुटव्यांवर लक्ष ठेवावे लागते. नागपुरी संत्र्याचा डोळा बहुधा जंबेरी किंवा रंगपूर लाईम या खुंटावर बांधलेला असतो. वरूड तालुक्यातील शेंदुरजनाघाट परिसर अशा कलमांसाठी प्रसिद्ध आहे. खुंट स्वभावतः जोमदार असल्याने त्यातून फुटलेला कोंब वरच्या संत्र्याला मागे टाकतो. काही वर्षांनी त्या झाडावर संत्र्याऐवजी आंबट, खरबरीत फळे दिसू लागतात, आणि 'झाड पालटले' असा समज होतो. वास्तविक झाड पालटत नाही. कापायचा फुटवा कापला न गेल्याने खुंटाने कलमाची जागा घेतलेली असते. असे फुटवे पानांच्या आकारावरून व काट्यांवरून ओळखता येतात. ते लहान असतानाच मुळापासून काढणे सोपे असते.

सल

वाळलेल्या, पाने नसलेल्या बारीक काड्यांना आणि शेंड्याकडून मागे मरत आलेल्या फांद्यांना 'सल' म्हणतात. दाटीमुळे आतील काड्यांना ऊन न मिळणे, पाण्याचा खंड पडणे, मुळांची कूज आणि फळांचा अतिरेकी भार ही सल पडण्याची प्रमुख कारणे आहेत.

सल झाडावर राहू देणे का धोक्याचे, याचे उत्तर पावसाळ्यात मिळते. मेलेल्या काडीवर कोलेटोट्रिकम व त्यासारख्या बुरशी वाढतात. पावसाच्या थेंबांबरोबर त्यांचे बीजाणू खालच्या हिरव्या फळांवर पडतात, देठाजवळ रुजतात, देठ काळा पडतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फळ गळून पडते. आंबिया बहाराच्या फळगळीची कारणे अनेक आहेत. अन्नद्रव्यांची कमतरता, आळ्यात साचलेले पाणी व रसशोषक पतंग हीदेखील त्यांत येतात. परंतु बुरशीजन्य फळगळीचा माग काढत गेले तर तो बहुधा वरच्या सलीपर्यंत जातो. झाडाखाली फळांचा सडा पडल्यावर फवारणीवर होणारा खर्च पाहता, काही महिने आधी सल काढण्याची मजुरी नेहमीच स्वस्त ठरते. तरीही हे काम पुढे ढकलले जाते.

सल काढताना केवळ वाळका भाग मोडून चालत नाही. बुरशी वाळक्या व हिरव्या भागाच्या सीमेवर जिवंत असते. म्हणून सुमारे दोन सेंटिमीटर हिरव्या भागासह फांदी कापतात. हाताने काडी मोडण्याची सवय मजुरांत आढळते. त्याने वाळका तुकडा निघतो, पण बुरशीचा भाग झाडावरच राहतो. कापलेली सल आळ्यात किंवा बांधावर न टाकता बागेबाहेर नेऊन नष्ट करतात आणि त्यानंतर झाडावर बुरशीनाशकाची फवारणी करतात.

सल हे रोगाचे कारण आहे तसे लक्षणही आहे, ही गोष्ट विसरली जाते. एखाद्या झाडाचा संपूर्ण शेंडा वाळत असेल तर आधी बुंध्याजवळची माती उकरून मुळे पाहावी लागतात. मुळांची साल कुजून सुटत असेल आणि खोडातून डिंक येत असेल तर तो फायटोफ्थोरा या बुरशीवर्गीय रोगकारकाचा, म्हणजे 'डिंक्या' रोगाचा प्रादुर्भाव असतो. अशा झाडाची वरून कितीही छाटणी केली तरी मूळ दुखणे जमिनीखालीच राहते. पाणी बुंध्याला लागू नये म्हणून दुहेरी आळे करणे आणि कलमाचा सांधा मातीच्या वर राखणे हेच त्यावरचे पहिले उपाय होत.

पानसोट

खोडातून किंवा जाड फांदीतून सरळ वर जाणाऱ्या, जोमदार, काटेरी व मोठ्या पानांच्या कोंबांना पानसोट म्हणतात. त्यांची काडी कोनदार असते. त्यांच्यावर फळे क्वचितच येतात, आणि झाडाचे अन्नपाणी मात्र ते भरपूर ओढतात. झाडाच्या मध्यभागी पानसोटांची गर्दी झाली की आत हवा खेळत नाही. कोळशी रोगाला कारण होणारी काळी माशी अशाच दाट, दमट झाडांवर टिकून राहते. पानसोट कोवळे असताना बोटांनी खुडता येतात, जून झाल्यावर ते कापावे लागतात. अपवाद एकच. मोठी फांदी मोडून झाडात खिंडार पडले असेल, तर त्या जागेचा एक पानसोट राखून, त्याचा शेंडा खुडून, त्यापासून नवी फांदी तयार करतात.

पानसोट हे बहुतेकदा जास्त छाटणीचेच फळ असते. एका वर्षी झाड उघडे केले की पुढल्या पावसाळ्यात त्यावर पानसोटांचे रान माजते, आणि ते पाहून मालक पुन्हा अधिक छाटणी करवतो.

छाटणीची वेळ

वेळ बहारावर अवलंबून असते. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात व फळे ऑक्टोबर ते डिसेंबरदरम्यान तोडली जातात. मृग बहाराची फुले जून-जुलैत येतात व तोडणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. दोन्ही बाबतींत फळे उतरल्यानंतर आणि पुढील फुटीपूर्वी सल काढतात. भर पावसात जाड फांद्या कापत नाहीत, कारण ओल्या जखमेत रोग सहज शिरतो.

शेतकऱ्याच्या हातात ही वेळ नेहमीच असते असे नाही. काटोल भागात बाग झाडावरच व्यापाऱ्याला विकण्याची पद्धत आहे. सौदा झाला की तोडणी कधी करायची हे व्यापारी बाजारभाव पाहून ठरवतो. तोड लांबली की पुढील बहारासाठी ताण देणे लांबते, सल काढायला दिवस उरत नाहीत, आणि घाईने तोडणी करणाऱ्या टोळीने मोडलेल्या फांद्या तशाच लोंबत राहतात.

काप कसा घ्यावा

बारीक फांद्यांसाठी सिकेटर आणि जाड फांद्यांसाठी बारीक दात्यांची करवत वापरतात. कोयत्याने किंवा कुऱ्हाडीने घातलेला घाव फांदीचा बुंधा चेपतो व साल फाडतो. जाड फांदी एका कापात तोडली तर ती स्वतःच्या वजनाने खाली येताना खोडाची साल सोलून नेते. म्हणून काप तीन घेतात. पहिला खोडापासून थोड्या अंतरावर खालून वर, अर्धवट. दुसरा त्याच्या किंचित पुढे वरून खाली, ज्याने फांदी सुटते. तिसरा उरलेला खुंट काढण्यासाठी, फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर वलयाच्या बाहेरून.

हे वलय महत्त्वाचे आहे. फांदी खोडाशी अगदी सपाट कापावी असे पूर्वी सर्वत्र शिकवले जाई. अमेरिकी वनरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य झाडे उभी चिरून दाखवून दिले की झाड जखम बुजवत नाही, तर तिच्याभोवती भिंती उभारून कूज तेथेच कोंडते, आणि ती क्षमता या वलयात एकवटलेली असते. वलय कापले तर कूज खोडात उतरते. उलट वलयापुढे लांब खुंट ठेवला तर तो वाळून त्याचीच सल होते.

बोर्डो मलम

कापलेल्या जागेवर बोर्डो मलम लावण्याची शिफारस आहे. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि एक किलो कळीचा चुना पाच लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून, गाळून एकत्र करतात. त्यासाठी मातीचे किंवा प्लास्टिकचे भांडे वापरतात, धातूचे नाही. तयार मलमात स्वच्छ लोखंडी सळई बुडवून पाहतात. तिच्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त झाले असे समजून आणखी चुन्याची निवळी घालतात. मलम ज्या दिवशी केले त्याच दिवशी वापरतात. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर ते खोडाला एक मीटर उंचीपर्यंत लावल्यास डिंक्यापासून संरक्षण मिळते. शिगो यांचा जखमांना रंग वा डांबर फासण्यास विरोध होता. बोर्डो मलमाचा हेतू जखम झाकण्याचा नसून तेथे बुरशी रुजू न देण्याचा आहे, त्यामुळे या दोन मतांत दिसतो तितका विरोध नाही.

एका रोगट झाडावर वापरलेले सिकेटर तसेच पुढल्या झाडाला लावणे हा रोग पसरवण्याचा सोपा मार्ग होय. झाड बदलताना पाते निर्जंतुक द्रावणात बुडवून घ्यावे लागते. मजुरी झाडागणिक ठरलेली असेल तर हे सर्वात आधी वगळले जाते, म्हणून द्रावणाचे भांडे बाळगण्याची अट ठरावाच्या वेळीच घालणे श्रेयस्कर असते.

घन लागवड

सहा मीटर बाय सहा मीटर अंतरावर एका हेक्टरात २७७ झाडे बसतात. हेच अंतर एका बाजूने तीन मीटर केले की ती संख्या ५५५ होते. अशा बागेत झाडे काही वर्षांतच एकमेकांना भिडतात, खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि फळे फक्त शेंड्यावर राहतात. तेथे दरवर्षी बाजूंची मर्यादित छाटणी टाळता येत नाही. जुन्या पद्धतीच्या बागेचा 'हात लावू नये' हा नियम घन लागवडीत तसाच पाळणारे पुढे अडचणीत येतात.

परसातील व रस्त्याकडेची झाडे

काटोल शहरातील घरमालकांच्या अंगणात कडुनिंब, आंबा, चिंच, जांभूळ ही मोठी झाडे असतात. त्यांनाही तीन कापांची पद्धत व वलय राखण्याचा नियम लागू पडतो. अशा झाडाचा संपूर्ण शेंडा उडवून ठोंब ठेवण्याची प्रथा मात्र घातक आहे. ठोंबावर फुटणाऱ्या फांद्या कुजत्या लाकडाला वरवर चिकटलेल्या असतात आणि काही वर्षांनी वादळात त्याच घरावर पडतात. विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या पावसाळ्यापूर्वी महावितरणकडून कापल्या जातात. तारेजवळची फांदी मालकाने स्वतः किंवा खासगी मजुराकरवी कापणे जिवावर बेतू शकते.

नगर परिषदेच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. या कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाड जाळणे आणि त्याला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे यांचाही समावेश होतो. त्यामुळे झाड स्वतःच्या जागेत असले तरी मोठ्या फांद्या उतरवण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करणे आवश्यक ठरते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना 'वारसा वृक्ष' म्हणून विशेष संरक्षण दिले. शहराबाहेर शेतजमिनीवर महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू असून त्याच्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा यांसारखी झाडे आहेत. संत्रा त्या अनुसूचीत नाही. बागेतील सल काढण्यासाठी परवानगी लागत नाही, परंतु त्याच बागेच्या धुऱ्यावरील साग किंवा आंबा तोडण्यासाठी ती घ्यावी लागते.