‘फौजी’ आला, पण बॅटल रॉयल कुठंय?
बोदवडच्या गेमर मंडळींनो, नव्या गेमच्या ट्रेलरवर हुरळण्याआधी ‘फौजी’ आठवा.

२ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलसह ११८ अ‍ॅपवर बंदी आली. दोनच दिवसांत अक्षय कुमारने बंगळुरूच्या एनकोअर गेम्सचा ‘फौजी’ जाहीर केला. सगळ्यांनी तो पबजीचा देशी पर्यायच धरला!

२६ जानेवारी २०२१ ला हाती आली फक्त भारत-चीन गलवान चकमकीवरची कॅम्पेन. बॅटल रॉयल नाही, दोस्तांसोबत खेळायची सोय नाही, गोळीबाराऐवजी हाणामारी. प्ले स्टोअरवर रेटिंग धडाधड घसरलं. टीम डेथमॅच काही महिन्यांनी आलं.

खरं तर २०२० च्या गलवान चकमकीत बंदुका चालल्याच नव्हत्या. हाणामारी कथेला धरूनच होती. पण लोकांना हवी होती पबजी.

म्हणून प्री-रजिस्टर करताना आधी बघा: मोड कोणते आणि खरा गेमप्ले दाखवलाय का?