बोअरचं पाणी आणि पाण्याखालच्या गुहा: बाटली कुठे भरायची?

मी बेंगळुरूच्या जे. पी. नगरमधून बोलतोय.

पाणी तपासायचं म्हटलं की बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. पेनासारखं टीडीएस मीटर पेल्यात बुडवायचं, आकडा वाचायचा आणि निकाल देऊन टाकायचा. आज मी ज्या लोकांबद्दल सांगणार आहे, ते पाणी तपासायला पाठीवर टाक्या बांधून पाण्याखालच्या अंधाऱ्या गुहेत शिरतात. ते एवढा धोका का पत्करतात, हे समजलं की आपल्या बोअरचं पाणी कसं तपासावं हेही समजतं.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या पोटात चुनखडी आहे. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन थोडं आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवत जातं. हजारो वर्षांत फटींचे बोगदे होतात. वाकुला हा तिथला मोठा झरा अशा अनेक बोगद्यांचं पाणी घेऊन वर येतो. आता झऱ्याच्या तोंडाशी बाटली भरली, तर हाती येतं ते सगळ्यांचं मिश्रण. कोणत्या वाटेनं घाण येते ते कळत नाही. त्यासाठी आत, बोगदे जिथे फुटतात तिथे जावं लागतं.

दुसरं कारण रसायनशास्त्राचं. जमिनीखालचं पाणी उघड्यावर आलं की बदलतं. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, त्यामुळे पीएच वाढतो. हवेतला ऑक्सिजन मिसळतो. लोह असेल तर त्याचा तांबूस गाळ बसतो. म्हणून तापमान, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन आणि विद्युतवाहकता मोजणारं यंत्र गुहेतच नेतात. पाणबुड्याच्या श्वासाच्या बुडबुड्यांनीही पाणी बिघडतं, तळाचा गाळ उठतो. म्हणून नमुना प्रवाहाच्या वरच्या बाजूला, स्वतःच्या पुढे हात करून घ्यायचा. नायट्रेटसाठी बाटली प्रयोगशाळेत जाते.

याचा उपयोग काय झाला? टॅलाहासी शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी शेतांवर फवारलं जायचं. त्या भागात जमिनीखाली सोडलेला रंग पुढे वाकुला झऱ्यात सापडला. मैलोन् मैल दूरच्या शेताचा आणि झऱ्याचा संबंध असा सिद्ध झाला. मग शहराने नायट्रोजन काढण्यासाठी आपलं सांडपाणी प्रक्रिया केंद्र सुधारलं.

आता आपल्याकडे या. बेंगळुरूखाली चुनखडी नाही. लालबागेतला तो प्रचंड खडक पाहिला असेल, तसाच जुना, कठीण नाइस खडक इथे आहे. त्यात गुहा होत नाहीत, भेगा असतात. आपला बोअर म्हणजे त्या भेगांना पाडलेलं भोक. वाळूच्या थरातून झिरपताना पाणी बरंचसं गाळलं जातं, भेगेतून येताना तसं होत नाही. जवळ गळका मैलाखड्डा किंवा फुटलेली सांडपाण्याची नळी असेल, तर त्यातलं नायट्रेट आणि जंतू भेगेतून बोअरपर्यंत पोचू शकतात. सह्याद्रीच्या काळ्या दगडातही पाणी बऱ्याच ठिकाणी भेगांतूनच चालतं. म्हणजे हा प्रश्न पुण्या-साताऱ्याचाही आहे.

इथे टीडीएस मीटर फसवतं. ते खरं तर विद्युतवाहकता मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांची एकूण बेरीज अंदाजानं दाखवतं. बेरजेत कोण कोण आहे, ते सांगत नाही. समजा आकडा 300 आला. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे 500 पर्यंत ठीक, म्हणून आपण खूश. पण त्या 300 मध्ये नायट्रेट 60 असेल तर? मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेट बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला धोक्याचं, कारण रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होऊ शकते. जंतू तर मीटरला दिसतच नाहीत.

आणि हे लक्षात ठेवा: उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, त्यामुळे त्याचं प्रमाण उलट वाढतं. यूव्ही दिव्यानंही ते जात नाही. आरओनं कमी होतं, पण मशीनमधून निघालेलं पाणीही तपासून घ्या.

अहवाल वाचताना एकक बघा. काही ठिकाणी नायट्रेट ‘नायट्रोजन म्हणून’ लिहितात. तिथला 10 म्हणजे आपल्या हिशेबात साधारण 44.

मग नमुना कसा घ्यायचा? गच्चीवरच्या टाकीतून नको, संपमधूनही नको. तिथे कावेरीचं, टँकरचं आणि बोअरचं पाणी एकत्र असतं. बोअरच्या तोंडाजवळचा नळ घ्या. पंप दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, म्हणजे नळीतलं साचलेलं पाणी निघून भेगेतलं ताजं पाणी येईल. जंतूंसाठी प्रयोगशाळेनं दिलेली निर्जंतुक बाटली वापरा, आत बोट लावू नका, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. नायट्रेट, फ्लोराइड, कठीणपणा आणि ई. कोलाय, एवढं तरी मागून घ्या. एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसानंतर तपासा, कारण भेगांतलं पाणी ऋतूप्रमाणे बदलतं.

आपल्याला गुहेत उतरायची गरज नाही. पण बाटलीवर जागा, तारीख आणि वेळ लिहायची शिस्त त्या पाणबुड्यांकडून नक्की घ्या. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत कुणी टीडीएस मीटर काढलं, तर एवढंच विचारा: आकडा कळला, पण आत काय आहे?