कात्रजचा नळ आणि कुलूपबंद पेटी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि हिंजवडीकडे धावणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या थांबल्या. काम मात्र थांबले नाही. कोथरूड-सिंहगड रस्त्यावरच्या घराघरांत जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडले गेले आणि 'व्हीपीएन लागत नाहीये' ही तक्रार आजी-आजोबांच्याही तोंडी बसली.

व्हीपीएन म्हणजे आभासी खासगी जाळे. नाव जड, वस्तू सोपी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नळ आणला गेला. कंपन्यांनीही आधी तसेच केले : दोन कचेऱ्यांमध्ये भाड्याची स्वतंत्र तार. सुरक्षित, पण महाग. आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घरापर्यंत असा नळ कोण नेणार?

व्हीपीएन माल सार्वजनिक रस्त्यानेच पाठवते, पण कुलूपबंद पेटीत. एस.टी.च्या टपावरची पेटी साऱ्या गावाला दिसते, आतले काही दिसत नाही. तुमच्या संगणकावरून निघालेले माहितीचे पाकीट सांकेतिक लिपीत बदलते, त्यावर दुसरे पाकीट चढते आणि त्यावर पत्ता असतो तो कंपनीच्या दाराशी बसलेल्या यंत्राचा. तेथे पेटी उघडते व आतले पाकीट योग्य टेबलाकडे जाते.

खरी गंमत किल्लीची. ती पेटीबरोबर पाठवलीच जात नाही! दोन्ही टोकांची यंत्रे उघड्यावर काही आकड्यांची देवघेव करतात आणि आपापल्या जागी एकच किल्ली घडवतात. मध्ये कान लावून बसलेल्याला ती घडवता येत नाही. डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेले हे गणित मला अजूनही जादूसारखे वाटते.

आपल्याकडे सरकारी अटीही होत्या. कॉल सेंटरसारख्या कंपन्यांना घरून काम द्यायचे तर अनामत आणि परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घेतलेले व्हीपीएन लागे. मार्च २०२० मध्ये दूरसंचार खात्याने या अटी तात्पुरत्या शिथिल केल्या. नोव्हेंबरमध्ये नियमच मोकळे झाले.

पण किल्लीच चोराच्या हाती पडली तर? मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनीच्या संगणकांत चोर शिरले ते एका जुन्या, विसरलेल्या व्हीपीएन खात्याचा पासवर्ड वापरून. पेटी फोडावी लागलीच नाही. मोबाइलवर आकडा मागवणारे दुसरे कुलूप त्या खात्याला नव्हते. इंधनवाहिनी पाच दिवस बंद राहिली, पंपांवर रांगा लागल्या आणि कंपनीने ७५ बिटकॉइनची खंडणी मोजली.