दोरीवरचं रोप

पूर्वी पीक आण्यांत मोजायचे. सोळा आणे म्हणजे भरघोस, आठ आणे म्हणजे कसंबसं. गावातले जाणते आणि महसूल खात्याची माणसं शिवारात फिरून आकडा ठरवत आणि त्यावर शेतसाऱ्याची सूट अवलंबून असे. पुढे आण्यांचे पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली, आणि ५० पैशांच्या आतलं गाव दुष्काळी यादीच्या वाटेला लागू लागलं. पैसेवारीची पहिली फेरी आजही ‘नजर अंदाज’ म्हणूनच जाहीर होते. सरकारी शब्दांमध्ये इतका प्रामाणिक शब्द दुसरा सापडणं कठीण.

नजरेच्या जागी दोरी आणि तराजू आणण्याची खटपट १९२०च्या दशकात बिहार-ओरिसात सुरू झाली. जे. ए. हबॅक या अधिकाऱ्याने भाताची शेतं आपल्या पसंतीने न निवडता, चिठ्ठी टाकावी तशी निवडून कापली. पण या पद्धतीला देशभर चालेल असं रूप आलं ते १९४०च्या दशकात, आणि त्यामागे दोन मराठी माणसं होती : साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे.

तेव्हा वाद पेटला तो तुकडा केवढा कापायचा यावर. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस लहान वर्तुळं कापत होते. कमी खर्चात जास्त जागा पाहून होत. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान असला की उत्पादन फुगून येतं. कारण अगदी साधं आहे. दोरी ताणली की काही रोपं नेमकी दोरीवर येतात. ती आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा हात सहसा ती आत ओढतो, आणि त्यात लबाडी असतेच असं नाही. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्र साडेबारा चौरस फूट आणि परीघही साडेबारा फूट. म्हणजे जवळजवळ सगळं कडेवरच! उलट दहा मीटर बाय पाच मीटरच्या चौकोनात पन्नास चौरस मीटरला कडा फक्त तीस मीटर.

तसा चौकोन आजही आखला जातो; माप पिकागणिक बदलतं. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून ठरलेली पावलं टाकायची, खुंट्या ठोकायच्या, कापायचं, मळायचं, तोलायचं. पन्नास चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग, तेव्हा प्रत्येक तुकड्यात किलोभर फरक पडला तर सरासरीत हेक्टरी दोन क्विंटलचा फरक पडतो. सोयाबीन हेक्टरी दहा-बारा क्विंटल येतं अशा ठिकाणी हा फरक सहज पेलणारा नाही.

जिल्ह्याचं, राज्याचं उत्पादन सांगण्यापुरतं हे सगळं चाललं होतं, तोवर फारसं कुणाचं बिघडत नव्हतं. १९७६मध्ये पुण्याच्या वि. म. दांडेकरांनी मांडलं की विम्यासाठी प्रत्येक शेत तपासणं अशक्य आहे; परिसराची सरासरी घसरली तर त्यातल्या सगळ्यांना भरपाई द्यावी. १९७९मध्ये त्या धर्तीवर प्रयोग झाला, १९८५मध्ये देशव्यापी योजना आली. ज्या आकड्यावर फक्त अहवाल लिहिले जात, त्यावर आता पैसे मिळू लागले.

मग तक्रार आली, आणि ती रास्त होती : तालुक्याच्या एका टोकाला पाऊस, दुसऱ्या टोकाला फुफाटा, आणि सरासरी एकच! म्हणून परिसर लहान होत गेला. २०१६च्या पंतप्रधान पीक विमा योजनेत किमान कापणी प्रयोगांची, म्हणजे कापायच्या अशा चौकोनांची, संख्या ठरली ती अशी : जिल्ह्याला २४, तालुक्याला १६, महसूल मंडळाला १०, ग्रामपंचायतीला मुख्य पिकासाठी अवघे ४. शेताशेतातला फरक सरासरीच्या ४० टक्के धरला, तर २४ प्रयोगांत चूक ८ टक्क्यांच्या आसपास राहते, १० प्रयोगांत १३ आणि चारांत थेट २०. परिसर शेतकऱ्याच्या जवळ आला आणि आकडा डळमळीत झाला. माझ्या मते घोळ इथेच आहे. आकड्यासोबत त्याची चूकही छापली असती, तर निदान भांडण खुलं झालं असतं. छापला जातो तो मात्र किलो-किलोपर्यंतचा ठाम आकडा.

शिवाय आता दोरीपाशी सरपंच, तलाठी, कृषी सहायक आणि विमा कंपनीचा माणूस असे सगळे उभे असतात. दोरीवरचं रोप आत गेलं तर भरपाई कमी, बाहेर राहिलं तर जास्त. मोबाइलवर फोटो आणि ठिकाणाची नोंद होते, २०२३पासून भात-गव्हासाठी उपग्रहावरून काढलेल्या अंदाजालाही ३० टक्के वजन मिळालं. पण खरीप २०२५पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याला एक रुपयात मिळणारा विमा बंद झाला आणि भरपाई मुख्यतः कापणी प्रयोगांच्या उत्पादनावर आली, तेव्हा मोठा भार पुन्हा मंडळातल्या त्या दहा चौकोनांवर पडला.

आणि हा भार फक्त यंदाच्या कापणीचा नसतो. ज्याच्या खाली उत्पादन घसरलं की भरपाई मिळते, ते उंबरठा उत्पादन काढताना मागच्या सात वर्षांतली चांगली पाच धरतात. नव्याने वेगळ्या झालेल्या मंडळाकडे अशी सात वर्षं कुठून असणार? मग ती शेजाऱ्याची नाहीतर वरच्या तालुक्याची उसनी घेतात, आणि यंदाचे दहा चौकोन त्या उसन्या भूतकाळाशी ताडून पाहतात.