दुसऱ्यासाठी वाढवलेलं पिल्लू

साक्री तालुक्यातल्या ठेलारी मेंढपाळांच्या मेंढवाड्यात कुत्र्याचं पिल्लू मेंढ्यांच्या वासातच वाढतं. कोकरांशेजारी झोपतं, कळपामागून चालतं. हा कळप आपला आहे, हे त्याला कुणी वेगळं शिकवत नाही. अमेरिकेतल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांचं निरीक्षण केलं आणि १९६५ साली ते पुस्तकरूपाने मांडलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला ज्यांचा सहवास मिळतो, त्यांना ते आपलं मानतं, असं त्यांना आढळलं. मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या हेच केलं आहे.

अंध माणसाला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याची घडणही याच आठवड्यांत सुरू होते. त्याचा कळप मात्र वेगळा: बसस्थानक, बाजार, दवाखाना, जिने, गर्दी. आपल्याकडे ही व्यवस्था अजून रुजलेली नाही. ब्रिटन, अमेरिका, जपान इथल्या संस्था सात-आठ आठवड्यांचं पिल्लू एखाद्या स्वयंसेवक कुटुंबाकडे सोपवतात आणि वर्ष-दीड वर्षाने परत नेतात. या पिल्लांची जात बहुधा लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर किंवा या दोघांच्या संकराची. काही ठिकाणी जर्मन शेफर्डही. ब्रिटनमध्ये खाण्याचा आणि पशुवैद्याचा खर्च संस्था उचलते. कुटुंबाने द्यायचा तो वेळ.

आणि वेळ भरपूर लागतो. पहिल्या आठवड्यांत पिल्लू झोपेतून उठलं की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळून थांबलं की बाहेर, रात्रीही. बाहेर नेल्यावर ते शू करत असताना दरवेळी एकच ठरलेला शब्द उच्चारायचा. काही महिन्यांत तो शब्द ऐकला की पिल्लू सांगितलेल्या जागी मोकळं होतं. ही सवय घराच्या स्वच्छतेपुरती नसते. पुढे त्याच्या मालकाला दिसणार नसतं. कुत्रा कुठे आणि कधी बसला हे त्याला कळलंच पाहिजे, नाहीतर घाण उचलणार कशी?

बाकीचे नियमही असेच पुढच्या माणसाकडे पाहून केलेले. ताटातला घास द्यायचा नाही, जमिनीवर पडलेलं तोंडात घालू द्यायचं नाही. चेंडू फेकून त्यामागे पळवायचं नाही, असं अनेक संस्था बजावतात, कारण हलत्या वस्तूमागे झेपावण्याची सवय भर रस्त्यात मालकाला खाली पाडू शकते. रोज कान, पंजे, दात हाताळायचे, म्हणजे तपासणीच्या वेळी ते बिचकत नाही. चालताना पिल्लाने माणसाच्या किंचित पुढे राहायचं. टाचेला चिकटून मागे चालणारा कुत्रा वाट काय दाखवणार!

बाहेरचं शिक्षण सगळ्यांत नाजूक. आधी लांबून ट्रकचा आवाज, मग जरा जवळून. लोखंडी जाळीवर पाय ठेवायला पिल्लू कचरलं तर ओढायचं नाही. थांबायचं, खाऊ दाखवायचा, त्याचं त्याला पाऊल टाकू द्यायचं. एकदा बसलेली भीती काढायला महिने जातात. साक्रीच्या आठवडे बाजाराची कल्पना करून पाहावी. तळणाऱ्या भज्यांचा वास, भाजीच्या ढिगापाशी घुटमळणाऱ्या गाई, कर्णे, मोटारसायकली, आणि महामार्गावरून धडधडत जाणारे मालट्रक. यातल्या कशाकडेही वळून न बघणारं पिल्लू इथेही घडू शकेल. मोकाट कुत्री मात्र खरी अडचण आहेत. अंगावर येणाऱ्या टोळीपुढे शिकवलेलं कुत्रंही शांत राहू शकत नाही, आणि त्याचा पट्टा धरलेला अंध माणूस तेव्हा पूर्ण असहाय होतो. या प्रश्नाला हात न घालता असे कुत्रे आणण्याची भाषा करण्यात अर्थ नाही.

सुरुवातीला पिल्लं वाढवण्याची पद्धत नव्हती. १९१६ साली जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गला, पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी वाट दाखवणारी कुत्री शिकवणारी पहिली शाळा निघाली. १९२८ साली मॉरिस फ्रँक हा अंध अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडमध्ये शिकवलेल्या बडी नावाच्या कुत्रीसोबत, पत्रकारांच्या देखत, न्यूयॉर्कचा गजबजलेला रस्ता ओलांडून गेला. पुढच्याच वर्षी 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. तिने १९४२ पासून न्यू जर्सीतल्या शेतकरी कुटुंबांतल्या मुलांकडे पिल्लं वाढवायला दिली. ब्रिटनमध्ये ही पद्धत १९५६ साली सुरू झाली. मोठी झालेली कुत्री निवडून शिकवण्यापेक्षा लहानपणच नीट घडवणं जास्त खात्रीचं, हे अनुभवाने पटलं होतं.

वाट दाखवणं मात्र घरी शिकवत नाहीत. ताठ मुठीचा साज चढतो तो संस्थेत परतल्यावर, आणि पुढचे काही महिने प्रशिक्षक शिकवतात. कुत्र्याला सिग्नलचा लाल-हिरवा कळत नाही. वाहनांचा आवाज ऐकून कधी निघायचं हे माणूसच ठरवतो. पण 'चल' म्हटल्यावर समोरून गाडी आली, तर आज्ञा मोडून जागचं न हलणं हे कुत्र्याचं काम. आज्ञा कधी मोडायची हे शिकणं पाळण्याहून अवघड, आणि माणसावर गाढ विश्वास असलेल्या, न बिथरणाऱ्या प्राण्यालाच ते जमतं. तो विश्वास स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, त्या पहिल्या घरात तयार झालेला असतो. म्हणून या कामाचं मोठं श्रेय मी प्रशिक्षकाआधी त्या घराला देईन.

परत देण्याचा दिवस ठरलेलाच असतो, तरी तो सोपा जात नाही. सगळी पिल्लं उत्तीर्णही होत नाहीत. कुणाचा खुबा सदोष निघतो, कुणी मोठ्या आवाजाला दचकतं, कुणाचं लक्ष पक्ष्यांवरून हटत नाही. अशा कुत्र्याला कधी वास घेऊन शोध करण्याचं दुसरं काम मिळतं, कधी ते कुणाच्या घरी पाळीव म्हणून जातं. उत्तीर्ण झालेलं कुत्रं अंध माणसासोबत आठ-दहा वर्षांचं होईपर्यंत काम करतं. मग मालकाला निवृत्त कुत्रा सांभाळणं शक्य नसेल तर संस्था त्याच्यासाठी घर शोधते, आणि त्या वेळी लहानपणी त्याला वाढवलेल्या कुटुंबालाही पुष्कळदा विचारलं जातं.