समजून घ्या : ‘टिग’ शिकताना गॅस कोणता घ्यावा? सीओटू का चालत नाही?

बीड जिल्ह्यात फॅब्रिकेशनच्या दुकानात काम करणाऱ्या तरुणाला साधे आर्क वेल्डिंग येतेच. पुढची पायरी म्हणजे ‘टिग’. परळीच्या औष्णिक केंद्रातल्यासारख्या बॉयलरच्या नळ्या असोत की दुधाच्या स्टील टाक्या, अशा कामाला टिग येणारा कारागीर लागतो. पण सरावाच्या पहिल्याच दिवशी मोह होतो : दुकानात सीओटूचे सिलिंडर आहेच, तेच लावले तर?

सीओटू का नको?
टिगमध्ये टंगस्टनची सुई तापून आर्क देते. तापलेल्या टंगस्टनला ऑक्सिजन लागला की ते जळते. आर्कच्या उष्णतेने सीओटूमधून ऑक्सिजन सुटतो. सुई काळी पडून झिजते, जोडात छिद्रे राहतात. आर्गन-सीओटूचे मिश्रणही मिगसाठी आहे, टिगसाठी नाही.

मग कोणता?
शुद्ध आर्गन. लोखंड, स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम तिन्हींना हाच चालतो. म्हणूनच बाजारात टिगला ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात. हेलियम महाग आहे आणि त्यात आर्क पेटवणे अवघड जाते; नवशिक्याला त्याची गरज नाही.

गॅस किती सोडायचा?
पातळ पत्र्यावरच्या सरावाला मिनिटाला ६ ते ८ लिटर पुरतात. जास्त सोडला तर झोत घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर गॅस असतो. मिनिटाला ७ लिटरने तो सुमारे १६ तास पुरतो. १५ लिटरने आठ तासही नाही.

पैसे वाचवायचे असतील तर
- आधी आर्क न पेटवता टॉर्च धरून हात बसवा.
- पत्रा ग्राइंडरने चकचकीत करा. गंज, रंग, तेल राहिले तर चांगला गॅसही वाया जातो.
- पंख्याचा वारा टॉर्चवर येऊ देऊ नका.
- आर्क बंद झाल्यावर लगेच टॉर्च उचलू नका. काही सेकंद गॅस वाहू द्या, सुई थंड होऊ द्या.
- सुई तरीही काळी पडली तर पाइपचे जोड साबणाच्या पाण्याने तपासा.

हे विसरू नका
आर्गनला वास नाही, रंग नाही आणि तो हवेपेक्षा जड आहे. बंद खोलीत किंवा टाकीत साचला तर कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो. दारे-खिडक्या उघड्या ठेवा, सिलिंडर साखळीने बांधा आणि सीओटूचा रेग्युलेटर त्याला लावू नका.