इंटरनेटवरील लिलाव आणि फेरविक्री

‘लिलाव’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला आणि इतका रुळला की, त्याचे परकेपण कोणाला जाणवत नाही. बाजार समितीतील कांद्याचा लिलाव, बँकेने जप्त केलेल्या घराचा लिलाव, सरकारी कचेरीतील मोडक्या खुर्च्यांचा लिलाव असे त्याचे अनेक प्रकार आपल्या ओळखीचे आहेत. या सर्वांत माल एका जागी असतो, बोली लावणारे त्याच जागी जमतात आणि ‘एक वार, दोन वार, तीन वार’ झाल्यावर सौदा पक्का होतो. वस्तू हाताळून पाहता येते. विकणाऱ्याचा चेहराही पाहता येतो. इंटरनेटवरील लिलावात मात्र यांपैकी काहीच शक्य नसते. तरीही गेल्या तीन दशकांत असंख्य लोकांनी या मार्गाने जुन्या वस्तू विकत घेतल्या, पुन्हा विकल्या आणि त्यांतून कमाई केली. काहींनी हात पोळूनही घेतले.

या लिलावाचा प्रसार करण्यात ज्या संकेतस्थळाचा वाटा सर्वांत मोठा, ते ‘ईबे’ अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सप्टेंबर १९९५ मध्ये सुरू झाले. तेव्हा त्याचे नाव ‘ऑक्शनवेब’ असे होते. पियर ओमिड्यार या संगणक-अभियंत्याने ते तयार केले. त्यावर सुरुवातीलाच विकली गेलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेसर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरना गेला. बिघडलेली वस्तू आपण विकत घेत आहोत हे ग्राहकाला कळले आहे ना, अशी विचारणा ओमिड्यार यांनी केली, तेव्हा आपण असे बिघडलेले पॉइंटरच जमवतो, असे उत्तर त्यांना मिळाले. (होणाऱ्या पत्नीला खेळण्यातल्या गोळ्यांच्या डब्या जमवता याव्यात म्हणून हे संकेतस्थळ काढले, अशी एक गोड कथाही बरीच वर्षे सांगितली जात असे, ती कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने रचलेली होती, हे पुढे उघड झाले.) लेसर पॉइंटरची हकिकत मात्र या व्यवसायाचे मर्म सांगणारी आहे. एकाच्या दृष्टीने जी अडगळ, तिचा शोध दुसरा कोणीतरी घेत असतो. त्या दोघांची गाठ घालून देणाऱ्या तिसऱ्या माणसाला जे मिळते, ती फेरविक्रीची कमाई.

या लिलावाची रीत समजून घेण्याजोगी आहे. विक्रेता वस्तूचे छायाचित्र आणि वर्णन देतो, प्रारंभीची किंमत ठरवतो आणि मुदत जाहीर करतो. ती बहुधा काही दिवसांची असते. बोली लावणाऱ्याने सतत संगणकासमोर बसून राहण्याची आवश्यकता नसते. आपण जास्तीत जास्त किती रक्कम देऊ, हे तो एकदाच गुप्तपणे नोंदवतो. त्यानंतर त्याच्या वतीने संगणकच गरजेपुरती बोली वाढवत राहतो. समजा, एका जुन्या कॅमेऱ्यासाठी एकाने १,००० रुपयांची मर्यादा नोंदवली, दुसऱ्याने १,४०० रुपयांची, आणि बोली ५० रुपयांनी वाढते. अशा वेळी कॅमेरा दुसऱ्याला मिळतो, परंतु १,४०० रुपयांना नव्हे, तर १,०५० रुपयांना. म्हणजे किंमत जिंकणारा ठरवत नाही. त्याच्या खालोखाल असणारा ठरवतो. अशा लिलावात आपल्या दृष्टीने वस्तूची जी खरी किंमत असेल तीच नोंदवणे सर्वांत हिताचे असते, हे सूत्र अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ साली मांडले होते. त्यांना १९९६ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. (त्यांच्या आडनावाचे मराठी शब्दाशी असलेले साम्य हा निव्वळ योगायोग!) प्रत्यक्षात मात्र अनेक जण मुदत संपण्याच्या शेवटच्या काही सेकंदांत बोली लावतात. प्रतिस्पर्ध्याला विचार करायला वेळ मिळू नये, हा त्यामागचा हेतू.

फेरविक्री करणारा या खेळात दोन्ही बाजूंनी असतो; तो ग्राहकही असतो आणि विक्रेताही. त्याने ग्राहक म्हणून बोली लावताना एक सापळा ध्यानात ठेवायला हवा. अमेरिकेतील तेलकंपनीच्या तीन अभियंत्यांनी १९७१ साली दाखवून दिले की, जमिनीखाली किती तेल आहे याचा अंदाज करून कंपन्या लिलावात बोली लावतात, तेव्हा ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला तोच बहुधा जिंकतो आणि तोट्यात जातो. याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. जुन्या बाजारातील घड्याळ असो की भंगारातील यंत्र, दहा जाणकारांनी जेथे हात आखडता घेतला, तेथे आपण एकटेच पुढे सरसावलो असू, तर त्यांना काय दिसले आणि आपल्याला काय दिसले नाही, याचा विचार आधी व्हायला हवा. सरकारी लिलावांच्या सूचनांत ‘जसे आहे, जेथे आहे’ असे शब्द असतात. त्यांचा अर्थ इतकाच की, नंतर केलेली तक्रार कोणी ऐकून घेणार नाही.

आता हिशेबाकडे वळू. येथे ठोकळ आकडे घेऊ. एका व्यक्तीने जुन्या बाजारातून चावीची पाच बंद घड्याळे प्रत्येकी ६०० रुपयांना घेतली. प्रत्येकाच्या दुरुस्तीला २५० रुपये लागले. त्यांपैकी चार घड्याळे प्रत्येकी १,५०० रुपयांना विकली गेली. वरवर पाहता, ६०० चे १,५०० झाले. परंतु संकेतस्थळाचे शुल्क १२ टक्के धरले तर १८० रुपये, वेष्टनाचे ४० आणि टपालाचे ९० रुपये जातात. एकूण खर्च १,१६० रुपये होतो आणि हाती राहतात ३४०. चार घड्याळांचे मिळून १,३६० रुपये झाले. पाचव्या घड्याळाची काच प्रवासात फुटली, यंत्र बंद पडले आणि ग्राहकाने ते परत पाठवले. त्याची किंमत, दुरुस्ती, वेष्टन आणि दोन्ही वेळचे टपाल मिळून १,०७० रुपये बुडाले. शिल्लक राहिली २९० रुपये. प्रत्येक घड्याळ शोधणे, दुरुस्तीला नेणे, त्याची छायाचित्रे घेणे आणि ते टपालात टाकणे यांसाठी तीन तास धरले, तर पंधरा तासांच्या श्रमाचे हे मोल! तासाला वीस रुपयेही पडत नाहीत.

हीच घड्याळे प्रत्येकी ४०० रुपयांना मिळाली असती, तर शिल्लक १,२९० रुपयांवर गेली असती. विक्रीची किंमत तीच, अपघातही तोच. तरी कमाई चौपटीहून अधिक. या व्यवसायात अनुभवी मंडळी विक्रीपेक्षा खरेदीवर अधिक वेळ घालवतात, त्याचे कारण या आकड्यांत आहे. तीच वस्तू यापूर्वी कितीला गेली, हे खरेदीआधी पाहण्याची सोय ईबेवर आहे. येथे विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती नव्हे, तर ग्राहकांनी प्रत्यक्ष मोजलेल्या किमती पाहायच्या असतात. मागणारा काहीही मागू शकतो.

भारतात या व्यवहाराची सुरुवात २००० साली मुंबईतून निघालेल्या ‘बाझी’ या संकेतस्थळाने झाली. ‘ईबे’ने ते २००४ मध्ये सुमारे पाच कोटी डॉलरना विकत घेतले. पुढे ‘ईबे इंडिया’ २०१७ मध्ये फ्लिपकार्टकडे गेले आणि २०१८ मध्ये बंद झाले. जगभरही लिलावाचा पहिला बहर ओसरला. ठरावीक किमतीला वस्तू तत्काळ विकत घेण्याची पद्धत २००० नंतरच्या दशकात वाढत गेली आणि नव्या मालासाठी तीच रूढ झाली. ते स्वाभाविकच होते. दुकानात एका किमतीला मिळणाऱ्या साबणासाठी सात दिवस कोण थांबेल? लिलाव टिकून आहे तो जिची किंमत कोणालाच नेमकी ठाऊक नसते, अशा वस्तूंसाठी: जुनी नाणी, तिकिटे, घड्याळे, कॅमेरे, ध्वनिमुद्रिका. अशा वस्तू भारतातून परदेशी ग्राहकांना आजही विकल्या जातात. मात्र त्यासाठी विक्रेत्याला आयात-निर्यात क्रमांक घ्यावा लागतो.

नेमक्या याच वस्तूंबाबत कायद्याची एक रेषा आहे आणि ती ठाऊक नसणे महागात पडते. पुरातन वस्तू व कलासंपदा अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षे वा त्याहून जुन्या वस्तू, त्यांत मूर्ती, चित्रे आणि नाणीही आली, ‘पुरातन वस्तू’ ठरतात. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आजोबांच्या पेटीतील पोथी परदेशी ग्राहकाला विकणे हा हौसेचा व्यवहार वाटला, तरी तो गुन्हा ठरू शकतो.

जुन्या नाण्यांभोवती फसवणुकीचा आणखी एक धंदा उभा राहिला आहे. ‘तुमच्याकडील एका नाण्याचे लाखो रुपये मिळतील’ असे सांगून आधी शुल्क किंवा कर म्हणून काही हजार रुपये मागितले जातात. या कामी आपल्या नावाचा व चिन्हाचा गैरवापर होत असल्याचे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले; अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि तिने कोणालाही त्यासाठी नेमलेले नाही, असेही तिने स्पष्ट केले. दुसरा प्रकार विक्रेत्यालाच लुबाडण्याचा. ग्राहक म्हणवणारा माणूस एक चौकोनी कोड पाठवतो आणि पैसे मिळवण्यासाठी तो स्कॅन करून गुप्त क्रमांक टाकण्यास सांगतो. यूपीआयचा गुप्त क्रमांक पैसे देण्यासाठी लागतो; घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवावे, कारण रक्कम रोखून धरण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

विक्रेत्याला फसवणारे असतात, तसेच ग्राहकाला फसवणारे विक्रेतेही असतात. जुन्या वस्तूचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने सांगितले की, अशा बाजारात ग्राहक सर्वच मालाला कमी किंमत देऊ लागतो आणि चांगला माल हळूहळू बाजारातून नाहीसा होतो. याचे एक उदाहरण आपल्या जवळचेच आहे. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटीझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला घड्याळे बनवण्यास आरंभ केला. ती घड्याळे कित्येक घरांत पहिल्या पगाराची किंवा लग्नातली खूण म्हणून जपली गेली. कंपनीचा घड्याळ-विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला आणि संग्राहकांची ओढ वाढली. इंटरनेटवर मात्र भारतातून असंख्य अशी जुनी घड्याळे जात होती, ज्यांची तबकडी नव्याने, अनेकदा भडक रंगांत रंगवलेली आणि काटे व यंत्र वेगवेगळ्या घड्याळांतून जुळवलेले; वर्णनात त्याचा उल्लेख नाही. जगभरच्या संग्राहकांनी अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ असे नाव दिले. ते काही गौरवाने दिलेले नाही. आज मुंबईतील प्रामाणिक विक्रेत्यालाही, आपले घड्याळ तसे नाही, हे आधी पटवून द्यावे लागते.

विश्वासाचे मोल मोजण्याचा एक प्रयोगही झाला आहे. अमेरिकेतील संशोधकांनी एका जुन्याजाणत्या, नाव कमावलेल्या विक्रेत्याकडून सारखीच जुनी पोस्टकार्डे ईबेवर विकवली. काही त्याच्या नावाने, काही नव्या, अनोळखी नावांनी. माल तोच, वर्णन त्याच धर्तीचे. तरी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ग्राहकांनी ओळखीच्या नावाला सुमारे ८ टक्के अधिक किंमत देऊ केल्याचे आढळले. मागील हिशेबातील १,५०० रुपयांच्या घड्याळावर ८ टक्के म्हणजे १२० रुपये. नफाच ३४० रुपयांचा असताना ही रक्कम थोडी म्हणता येणार नाही.

हे नाव कमावण्याचे विक्रेत्याच्या हातातील साधन म्हणजे वस्तूचे वर्णन. ‘अत्यंत दुर्मीळ, राजेशाही, अप्रतिम घड्याळ, संधी दवडू नका’ या ओळीतून ग्राहकाला काहीही कळत नाही. याउलट पुढील मजकूर पाहावा: ‘एचएमटी, चावीचे घड्याळ. यंत्र मूळचे, नुकतेच साफ करून तेल दिले आहे. दिवसाला सुमारे दोन मिनिटे पुढे जाते. तबकडी पुन्हा रंगवलेली. काचेवर नऊच्या अंकाजवळ ओरखडा (तिसरे छायाचित्र पाहावे). पट्टा नवीन.’ यात विशेषण जवळजवळ नाही. प्रत्येक वाक्यातून एकेका प्रश्नाचे उत्तर मिळते. ‘पुन्हा रंगवलेली’ हे दोन शब्द गाळण्याचा मोह होतो, कारण त्यांच्यामुळे किंमत उतरते. परंतु ते वाचून जो ग्राहक बोली लावतो, तो घड्याळ हाती आल्यावर परत पाठवत नाही, आणि दोन्ही वेळच्या टपालाचे १८० रुपये वाचतात.